भ्यालेली बाई ओरडत नाही

त्या मे महिन्यात आमच्या चाळीत सगळेच खोकत होते. भांडुपला टेकडीच्या उतारावर, दगडी पायऱ्या चढून वर आलं की कौलारू खोल्यांची एक लांबलचक रांग लागायची, ती आमची चाळ. माणसं बहुतेक कोकणातली, त्यामुळे उन्हाळा आला की वर्षभराचा मसाला करून ठेवायची सगळ्यांना एकदमच घाई. कुणाच्या तव्यावर मिरच्या, कुणाच्या तव्यावर धणे. रांगेतल्या पहिल्या घरात मिरची भाजायला घेतली की शेवटच्या घरातलं तान्हं पोर शिंकायला लागायचं, कारण खोल्यांमधल्या भिंती छपरापर्यंत पोचलेल्याच नव्हत्या. वरच्या फटीतून धूर, सुकटीचा वास, रेडिओवरच्या बातम्या, नवराबायकोची भांडणं, सगळं इकडून तिकडे खुशाल फिरायचं. खालच्या कारखान्याचा भोंगा झाला की बाबा कपातला चहा बशीत ओतून घाईघाईने प्यायचे आणि निघायचे. गिरणीतली नोकरी गेल्यावर त्यांना त्या कारखान्याच्या गोदामात काम मिळालं होतं. येताना ते एका बाजूने कोऱ्या असलेल्या जुन्या पावत्यांचे गठ्ठे आणायचे, माझ्यासाठी. कारण मी गोष्टी लिहायचे.

बारावीची परीक्षा देऊन मी रिकामी बसले होते. निकाल लागायचा होता, पुढे शिकवणार की नाही ते ठरायचं होतं, आणि माझ्या हातापायांत नुसती चुळबुळ भरलेली. दोन मिनिटं एका जागी बसवत नसे. आई म्हणायची, "शैला, तुझ्या पायाला भिंगरी बांधलीय का गं? बस ना जरा." बसायचे ती फक्त दुपारी. दुपारी बायका जेवणं आटोपून गॅलरीत जमायच्या आणि टिकल्यांचं काम करायच्या. घाटकोपरचा एक व्यापारी टिकल्या आणि कार्डं आणून द्यायचा. सुईच्या टोकाने टिकली उचलायची आणि कार्डावर चिकटवायची. हात गुंतलेले, कान मोकळे. म्हणून मी त्यांना माझी गोष्ट वाचून दाखवायचे, रोज थोडी थोडी.

गोष्ट भुताची होती. वसुधा नावाची एक नवी नवरी कोकणातल्या एका मोठ्या घरात येते आणि नवऱ्याची मेलेली पहिली बायको तिला छळते. वाचनालयातून आणलेल्या रहस्यकथांमधून मी घाबरण्याचे शब्द वेचून ठेवले होते आणि ते मुठीने टाकायचे, आई कालवणात तिखट टाकते तसे. 'वसुधेचा थरकाप उडाला, तिच्या घशाला कोरड पडली, तिची बोबडी वळली आणि तिच्या मुखातून एक हृदयभेदी किंकाळी बाहेर पडली.' बोबडी वळलेली बाई किंकाळी कशी फोडेल, हा प्रश्न मला पडला नव्हता, आणि गॅलरीतल्या कुणालाही पडला नव्हता. पलीकडच्या खोलीतल्या भागीरथीकाकू तर डोळे मिटून "अगो बाय माझे!" करायच्या आणि त्यांच्या टिकल्या वाकड्या लागायच्या. मला वाटायचं, आपण काय झकास लिहितो.

रांगेच्या टोकाच्या खोलीत सुनंदावहिनी राहायची. लग्नाला तीनेक वर्षं झाली असतील, माझ्याहून फार मोठी नव्हती. गोरी, किरकोळ, भर उन्हाळ्यात कोपरापर्यंत बाह्यांचा ब्लाऊज घालणारी. गॅलरीत ती स्वतःच्या दाराजवळच बसायची आणि तिच्या टिकल्या सगळ्यांत सरळ लागायच्या. तिचा नवरा रमाकांत, चाळीचा रमाकांतभाऊ, हा सगळ्यांचा लाडका माणूस. कारखान्यात वायरमन होता. कुणाचा फ्यूज उडो, इस्त्री बंद पडो, रेडिओ मुका होवो, भाऊ हजर. घरीच संध्याकाळी डाख लावत बसायचा. डाख लावायचं ते विजेवर तापणारं टोकदार आयर्न, राळेचा तो वास, आणि मग रेडिओतून अचानक उमटणारा आवाज, याचं आम्हा मुलांना फार कौतुक होतं. पैसे घ्यायचा नाही. आवाज कधी चढवायचा नाही. चाळीतल्या बायका आपल्या नवऱ्यांना त्याच्यावरून टोमणे मारायच्या. सगळ्या घरांतून भिंतीवरून काही ना काही यायचं. त्या घरातून कधीच काही यायचं नाही.

एक दिवस वाचन संपल्यावर मी पाणी भरायला टाकीकडे गेले, तर सुनंदावहिनी मागे आली. कळशी नळाखाली लावली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझी ती वसुधा फार ओरडते गं."

"घाबरलीय ना ती."

"भ्यालेली बाई ओरडत नाही. ओरडायला श्वास लागतो."

मला राग आला. माझ्या गोष्टीत चूक काढणारी ती पहिलीच. मी म्हटलं, "मग काय करते?"

तिने जरा विचार केला. "ती काम करते. भांडी लावते, पण हळू. एकावर एक ठेवताना मध्ये बोट घालते, आवाज होऊ नये म्हणून. आणि आमटीत मीठ घातलं की नाही, हेच आठवत बसते. दुसरं काही मनात येतच नाही. मीठ घातलं का, मीठ घातलं का."

कळशी भरून वाहायला लागली होती. तिने ती उचलून कमरेवर घेतली आणि गेली. मी तिथेच उभी. माझ्या डोक्यात ते बोट अडकून बसलं, दोन भांड्यांच्या मध्ये घातलेलं. इतक्या रहस्यकथा वाचल्या, त्यांतल्या एकाही बाईने असं बोट घातलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी पाण्याच्या निमित्ताने तिला गाठायला लागले. गोष्टीची मला अशी ओढ लागली की जेवणावर लक्ष लागेना. ताटात कुळथाची पिठी आणि भाजलेला बांगडा समोर असून मी आईला विचारायचे, पाण्याला किती वाजता जायचं. वहिनी फार बोलायची नाही. एखादं वाक्य द्यायची आणि कळशी घेऊन निघून जायची. एकदा म्हणाली, "भूत कशाला हवं? नवराच असू दे ना." मी म्हटलं, नवरा काय करेल, ओरडेल, मारेल, त्यात भय कसलं? ती म्हणाली, "ओरडणाऱ्याचं नसतंच. कामावरून येऊन डबा आपटला की बरं. रागावलेला माणूस डबा आपटतो आणि विसरतो. डबा हळूच ठेवला, झाकणसुद्धा वाजलं नाही, की मग."

"की मग काय?"

"तू लेखिका ना? लिही."

आज माझी पुस्तकं वाचून काही मुलंमुली येतात आणि विचारतात, ताई, भीती कशी लिहायची, वेदना कशी लिहायची, शब्द कुठून आणायचे. मी त्यांना काहीबाही सांगते. खरं तर त्यांना त्या टाकीपाशी न्यायला हवं, पण तिथे आता इमारत उभी आहे.

मी भूत काढून टाकलं. घर लहान केलं. थरकाप, कोरड, किंकाळी, सगळं गेलं. वसुधा आता आमटीपाशी उभी राहून मीठ आठवत होती आणि बाहेर कुणीतरी डबा हळूच ठेवत होतं. पहिल्या दिवशी हे वाचलं तेव्हा भागीरथीकाकूंनी तक्रार केली, "भूत खंय गेलां गो? माका भूत होया!" दुसऱ्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की वाचताना नेहमी येणारा कार्डांचा खरखर आवाज बंद झालाय. मी मान वर करून पाहिलं. सगळ्यांच्या सुया हवेत थांबल्या होत्या. फक्त सुनंदावहिनी खाली मान घालून टिकल्या लावत होती, एक हिरवी, एक लाल, सरळ रेषेत.

"शैला," काकूंनी हळूच विचारलं, "ह्यां तुका कोणी सांगल्यान?"

"कुणी नाही. मनानेच."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग रांगेच्या टोकाकडे पाहिलं, आणि परत माझ्याकडे. त्या संध्याकाळी आई भाकऱ्या थापत होती. तांदळाच्या भाकरीचा तो थप थप आवाज एकदम थांबवून ती म्हणाली, "ही गोष्ट आता पुरे."

"का?"

"लोकांच्या घरातलं चारचौघांत वाचायचं नसतं."

"कुणाच्या घरातलं?"

आईने परत भाकरी थापायला घेतली. पण मला त्याच क्षणी कळलं, आणि खरं सांगायचं तर मला ते टाकीपाशी पहिल्या दिवशीच कळलं असणार. सतरा वर्षांची मुलगी कोपरापर्यंतच्या बाह्या बघते, एवढी काही ती आंधळी नसते. पण कळलेलं समोर यावं लागतं. ते आईच्या गप्प बसण्यातून माझ्या समोर आलं. मी तशीच उठून टाकीकडे गेले. वहिनी तिथेच होती.

"वहिनी, बंद करू का गोष्ट?"

"का? आवडत नाही बायकांना?"

"तसं नाही. हे तुझंच आहे ना?"

तिने पदर सारखा केला. वरच्या वाटेने कुणी येत नाही ना, पाहिलं. "मी दोनदा सांगायला गेले होते," ती म्हणाली. "एकदा माझ्या जावेला, एकदा भागीरथीकाकूंना. तोंड उघडलं की एकच वाक्य यायचं, हे रागावतात. पुढचे शब्दच येईनात. त्या म्हणाल्या, नवऱ्याने रागावू पण नये का, इतका सोन्यासारखा माणूस. मला सांगता येत नाही गं. तुला येतं." मग माझ्या मनगटाला एकदाच हात लावला. "उद्या राळेच्या वासाचं लिही. सांगते मी."

आणि तिने सांगितलं. उभ्या उभ्या, नळ चालू ठेवून, दुसऱ्या कुणाची हकिगत सांगावी तशी. मी विचारलं, कसं दुखतं. ती म्हणाली, "आधी थंड लागतं. बर्फ लावल्यासारखं. तेवढ्यात वाटतं, आज चुकून नुसतंच टेकलं. मग कळतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी गॅलरीत मी ते वाचायला बसले. आईने मला अडवलं नाही. उलट माझ्या शेजारी येऊन बसली, नेहमी बसायची नाही तिथे. ऊन कौलांवर नुसतं भाजत होतं. मी वाचत होते, नवऱ्याने दिवा मालवला, आयर्नच्या टोकाला राळ लावून पाहिली, धूर आला, तो गोड आवाजात म्हणाला, इकडे ये, बाही वर घे. मी थांबत नव्हते. 'आधी थंड लागलं,' मी वाचलं, आणि टोकाच्या खोलीचं दार उघडलं.

रमाकांतभाऊ घरात होता. कामाची पाळी बदलली होती म्हणून सकाळीच येऊन झोपला होता, हे आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं. वहिनीला अर्थातच माहीत होतं. तो लुंगी-बनियनवर बाहेर आला, दाराच्या चौकटीला टेकला, आणि हसला.

"थांबलीस का? वाच ना. छान लिहितेस."

माझ्याजवळ भीतीचे इतके शब्द होते, त्यातला एकही त्या वेळी आला नाही. माझ्या अंगठ्याला एक हिरवी टिकली चिकटली होती. ती तिथे कशी आली, मी तर टिकल्या लावत नव्हते, एवढाच विचार मी पुन्हा पुन्हा करत राहिले. घाम नाही, थरथर नाही, काही नाही. फक्त ती टिकली आणि तिच्याभोवतीचा माझा अंगठा.

"सुनंदा, चल, चहा टाक," तो म्हणाला. अगदी हळू. अगदी प्रेमाने.

वहिनीने सुई कार्डात टोचून ठेवली आणि उठायला लागली. आणि भागीरथीकाकूंनी, गेली कित्येक वर्षं ज्यांचा रेडिओ तो फुकट दुरुस्त करत आला होता त्या काकूंनी, तिच्या गुडघ्यावर आपला जाडजूड हात ठेवला.

"बस गो. काम अर्धां रवलां हा."

"काकू, चहा करून येईल ती."

"चहा मी आणते भाऊ," आई म्हणाली. "तुम्ही आत बसा."

"वहिनी, आमच्या घरातली गोष्ट आहे. तुम्ही कशाला मध्ये?" तो आईला म्हणाला.

"घरातली कशी? गोष्ट तर माझ्या मुलीची आहे," आई म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता. माझी आई पोस्टमनशीसुद्धा दाराआडून बोलणारी बाई. "तुम्हीच म्हणालात ना, वाच. वाच गं शैला पुढे."

मी कागद उचलला. अक्षरं दिसत होती पण वाचता येत नव्हती. मी म्हटलं, "तिला..." आणि थांबले. पुन्हा म्हटलं, "तिला वाटलं..."

"तिला नाही," सुनंदावहिनी म्हणाली. "मला."

ती कुणाकडेही बघत नव्हती. समोरच्या टेकडीकडे बघत होती. "मला वाटलं, आज चुकून टेकलं असेल. मग त्यांनी दाबलं. मी आमटीकडे बघत होते. परवाचा हा." असं म्हणून तिने डाव्या हाताची बाही वर सरकवली. मग दुसरी. एवढंच. त्या दोन दंडांवर काय होतं ते मी इतक्या पुस्तकांत कधी लिहिलं नाही आणि आताही लिहिणार नाही. बायकांपैकी कुणी हाय हाय केलं नाही. भागीरथीकाकूंनी नाकाला पदर लावला आणि त्यांच्या मांडीवरची टिकल्यांची थाळी कलंडून सगळ्या टिकल्या गॅलरीभर झाल्या.

रमाकांत अजून हसतच होता, पण आता त्याला ते हसू कुठे ठेवावं कळत नव्हतं. "वेडी आहे ती," तो म्हणाला. कुणी ओरडलं असतं, शिव्या दिल्या असत्या, तर त्याने सगळ्यांना समजावलं असतं, तो समजावण्यात हुशार होता. पण सगळ्या नुसत्या त्याच्याकडे बघत राहिल्या. शेवटी तो आत गेला, शर्ट घातला, आणि आमच्या सगळ्यांच्या मधून, टिकल्यांवर पाय देत, पायऱ्या उतरून निघून गेला.

पुढे सगळं काही सरळ झालं असं नाही. संध्याकाळी पुरुष घरी आले तेव्हा त्यांच्यातल्या निम्म्यांना हे पटेना. माणूस चांगला आहे, रागाच्या भरात झालं असेल, मिटवून टाका. बाबा म्हणाले, ती आपल्याकडे झोपेल, आणि स्वतःची चटई बाहेर गॅलरीत टाकली. ते पुढे महिनाभर गॅलरीतच झोपले. वहिनीचा मोठा भाऊ जोगेश्वरीला राहायचा, तो येऊन तिला घेऊन गेला. तिथे तिला एका औषधांच्या कंपनीत पॅकिंगचं काम मिळालं. रमाकांत वाकोल्याला नातेवाइकांकडे राहायला गेला. खटला वगैरे उभा राहिला नाही. पोलिसांनी त्याला बोलावून समज दिली, एवढंच. घटस्फोट व्हायला वर्षं गेली. आणि चाळीतले दोन रेडिओ त्या पावसाळ्यात मुके झाले ते मुकेच राहिले, त्यावरून काही बायकांनी मलाच बोल लावले. भारी गोष्ट लिहिणारी आली, म्हणायच्या.

पण मला सांगायचं आहे ते त्या दुपारच्या दुसऱ्या दिवशीचं. आई, भागीरथीकाकू आणि मी, आम्ही वहिनीला घेऊन पोलीस चौकीवर गेलो. टेबलाशी एक वयस्कर हवालदार बसले होते. चष्मा नाकावर, आवाज थकलेला, पण त्यांनी बसायला बाकडं दिलं. काय झालं विचारलं आणि वहिनी चार वाक्यं बोलल्यावर मान हलवत लिहायला लागले. लिहून वाचून दाखवलं, 'सदर इसमाने फिर्यादीस वेळोवेळी शारीरिक व मानसिक त्रास दिला.'

"असं नाही," वहिनी म्हणाली.

"तेच आहे हो बाई. असंच लिहायचं असतं."

"यात काय केलं ते नाही आलं."

काकूंनी तिला कोपराने खुणावलं, गप बस म्हणून. हवालदारांनी चष्म्यावरून पाहिलं. मग कागद बाजूला सारून दुसरा घेतला आणि म्हणाले, "सांगा. हळूहळू सांगा, माझा हात दुखतो."

आणि तिने सांगितलं. ज्या बाईला 'रागावतात' याच्यापुढे शब्द सापडत नव्हते, ती एका अनोळखी पुरुषासमोर डबा, दिवा, राळ, हात, सगळं एकामागून एक ठेवत गेली. कुठे जोर दिला नाही, कुठे रडली नाही. हवालदार मध्ये दोनदा लिहायचे थांबले आणि खिडकीबाहेर पाहून पुन्हा लिहू लागले. मी बाकड्याच्या टोकाला बसले होते. त्या दिवशी मला माझ्या धंद्याचं जे कळलं, ते पुढे कुणी शिकवावं लागलं नाही. शेवटी त्यांनी सगळं वाचून दाखवलं. एका ठिकाणी 'कधी कधी' होतं, तिथे तिने 'शनिवारी' करायला लावलं. मग सही केली.

बाहेर आलो तर दुपार टळत आली होती. सकाळपासून कुणाच्या पोटात काही नव्हतं. वहिनी म्हणाली, "मला भूक लागलीय," आणि असं म्हणून स्वतःच चकित झाली. स्टेशनच्या रस्त्यावर एक छोटं हॉटेल होतं, तिथे आम्ही चौघी उसळपाव खायला बसलो. बायकांनी असं हॉटेलात बसायची तेव्हा आमच्याकडे पद्धत नव्हती, काकू सारखा पदर ओढून घेत होत्या. वहिनीने रस्सा अजून मागितला. नाकातोंडातून पाणी येईपर्यंत ती खात होती. तेवढ्यात आत मोरीपाशी कुणाच्या तरी हातून स्टीलच्या ताटांची चळतच्या चळत फरशीवर कोसळली. केवढा तो आवाज! वहिनी अशी दचकली की तिचा घास हातातून गळून रश्शात पडला आणि रस्सा तिच्या पातळावर उडाला. खांदे कानापर्यंत गेले. आम्ही तिघी तिच्याकडे बघत राहिलो.

आतून मालक ओरडला, "वाट लावली रे सगळ्याची!" आणि कुणीतरी मोठ्याने हसलं.

वहिनीने एक लांब श्वास घेतला. खांदे हळूहळू खाली आले. तिने पातळावरचा डाग पाहिला, नखाने जरा खरवडला, सोडून दिला. मग नवा पाव मोडला.